सुई कुठे टोचली, आणि तुलना कशाशी केली

इंग्लंडमधला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणूया. वय पन्नाशीच्या पुढचं, कंबर दुखते, अधूनमधून अर्धशिशी उठते आणि गुडघ्याची झीज झालेली आहे. आपल्याकडे अशी माणसं घरटी एक सापडतील. या माणसाने आपल्या डॉक्टरांना विचारलं, "मला अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होईल का?" डॉक्टरांनी नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिका उघडल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कोणता उपचार द्यावा आणि कोणता देऊ नये, हे ही संस्था सांगते. तर डोकेदुखीच्या 2012 सालच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय, विचार करा, पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका. गुडघ्याच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय, देऊ नका. 2022 मध्ये ती नव्याने लिहिली, तेव्हाही देऊ नका. कंबरदुखीच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत होतं, विचार करा, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठका. त्याच कंबरदुखीबद्दल 2016 च्या नोव्हेंबरमध्ये लिहिलं, देऊ नका. आणि 2021 च्या एप्रिलमध्ये, ज्या जुनाट दुखण्याचं स्पष्ट कारण सापडत नाही त्याच्यासाठी, पुन्हा विचार करा.

म्हणजे डोक्याला चालतं, गुडघ्याला चालत नाही, आणि कंबरेला साल बघून सांगावं लागतं.

यावर दोन प्रतिक्रिया नेहमी ऐकू येतात. अ‍ॅक्युपंक्चर करणारे म्हणतात, बघा, पूर्वग्रह आहे. विरोधक म्हणतात, बघा, समितीत कुणीतरी घुसलंय. आम्हांला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. या मार्गदर्शिका म्हणजे लिहिलेले मजकूर आहेत, त्यांच्यात युक्तिवाद आहे आणि त्या युक्तिवादाला सांधे आहेत. एखाद्या कादंबरीचं जसं परीक्षण करतो, तसं यांचंही करता येतं. आज तेच करणार आहोत. सुई चांगली की वाईट हा प्रश्न त्या ओघात येईलच.

आधी क्रियापदांबद्दल थोडं. नाइसच्या भाषेत 'द्या' आणि 'देण्याचा विचार करा' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. 'द्या' म्हणजे पुरावा भक्कम आहे, बहुतेकांचा फायदा होईल. 'विचार करा' म्हणजे पुरावा तितका घट्ट नाही, रुग्णाशी बोलून ठरवा. अ‍ॅक्युपंक्चरला या कागदांमध्ये जे मिळालं ते मुख्यतः 'विचार करा' हेच. दवाखान्याच्या पाटीवर मात्र हे क्रियापद गळून पडतं आणि 'मार्गदर्शिकेत शिफारस' एवढंच उरतं.

आता मूळ अडचणीकडे येऊ. औषधाची गोळी तपासायची तर तशीच दिसणारी पिठाची गोळी दुसऱ्या गटाला देता येते. सुईचं काय करायचं? त्यासाठी लुटुपुटूची सुई शोधून काढावी लागली. दोन प्रकार मुख्य. एकात खरी सुईच वापरतात, पण ती शास्त्रातल्या बिंदूंवर न टोचता भलत्याच जागी आणि वरवर टोचतात. दुसऱ्यात सुईचं टोक बोथट असतं आणि ती नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत सरकते; रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, पण कातडी भेदली जात नाही. श्ट्राइटबर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी अशी सुई 1998 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडली. दोन्हींत एक गोम राहतेच. सुई टोचणाऱ्याला माहीत असतं की आपण नाटक करतोय. आणि भलत्या जागी वरवर टोचणं म्हणजे काहीच न करणं, असं कशावरून? पिठाची गोळी निष्क्रिय आहे याची आपल्याला खात्री असते. इथे तशी खात्री देता येत नाही.

या पार्श्वभूमीवर जर्मनीत जे घडलं ते सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिथून निघतो. तिथल्या आरोग्य विमा निधींना प्रश्न पडला होता की अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायचे का. म्हणून त्यांनी मोठ्या चाचण्या करवल्या. एका मालिकेचं नाव गेराक. कंबरदुखीच्या गेराक चाचणीत 1162 रुग्ण होते, तीन गट पाडले. एकाला बिंदूंवर खरं अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्या जागी वरवरच्या सुया, तिसऱ्याला नेहमीचा उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरावीक प्रमाणात आराम पडलेले रुग्ण मोजले. खऱ्या सुईत 47.6 टक्के, लुटुपुटूच्या सुईत 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारात 27.4 टक्के.

हे तीन आकडे जरा डोक्यात राहू द्या.

गुडघ्याच्या गेराक चाचणीत 1007 रुग्ण. तिथे 53.1, 51.0 आणि 29.1. चित्र तेच. खरी आणि खोटी सुई हातात हात घालून पुढे, नेहमीचा उपचार मागे. आता अर्धशिशीची चाचणी बघा. तिथे खऱ्या सुईने 47 टक्के, खोट्या सुईने 39 टक्के, आणि नेहमीच्या औषधांनी 49 टक्के. म्हणजे सुई तिथेच आहे, तिचा आकडा जवळपास तोच आहे. हलला तो प्रतिस्पर्धी. अर्धशिशी टाळण्याची औषधं बऱ्यापैकी काम करतात, म्हणून सुई बरोबरीत राहिली. कंबरदुखीचे नेहमीचे उपचार फारसं काम करत नाहीत, म्हणून सुई जिंकली.

जर्मनीच्या संयुक्त समितीने 2006 मध्ये निकाल दिला. जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज यांसाठी विम्यातून पैसे मिळतील, डोकेदुखीसाठी मिळणार नाहीत. म्हणजे इंग्लंडमध्ये डोक्याला हो आणि गुडघ्याला नाही, तर जर्मनीत गुडघ्याला हो आणि डोक्याला नाही. (हशा) हसू येतं खरं, पण यात वेडेपणा काही नाही. जर्मन समितीने विचारलं, आज आपण ज्यावर पैसे खर्च करतो त्यापेक्षा हे बरं आहे का? इंग्लंडच्या समितीने 2016 मध्ये विचारलं, यात सुईचा स्वतःचा वाटा किती? प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी आली. आमची तक्रार एवढीच की मार्गदर्शिका वाचणाऱ्या डॉक्टरला आणि रुग्णाला फक्त उत्तर दिसतं, प्रश्न शेकडो पानांच्या पुराव्याच्या खंडात पुरलेला असतो.

याहून मोठं गणित 2012 मध्ये व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. त्यांनी 29 चाचण्यांमधल्या 17,922 रुग्णांची एकेकाची माहिती मिळवून ती एकत्र तपासली. नुसत्या सरासऱ्यांची सरासरी काढली नाही, हे महत्त्वाचं. त्याच निबंधात त्यांनी एक समजेलसं उदाहरण दिलंय. समजा दुखणं शंभरपैकी 60 आहे. काही महिन्यांनी, सुई न मिळालेल्यांचं ते 43 वर येईल. लुटुपुटूच्या सुईवाल्यांचं 35 वर येईल. खऱ्या सुईवाल्यांचं 30 वर येईल.

आता हीच तीन माणसं दोन समित्यांपुढे उभी करा. पहिली समिती म्हणेल, 43 विरुद्ध 30, तेरा गुणांचा फरक, रुग्णाला जाणवेल असा, द्यायला हरकत नाही. दुसरी समिती म्हणेल, 35 विरुद्ध 30, पाच गुणांचा फरक, रुग्णाला जेमतेम जाणवेल, देऊ नका. दोन्ही समित्यांनी आकडे बरोबर वाचलेत. मधले आठ गुण कुणाच्या खात्यात टाकायचे, एवढाच वाद आहे. ते आठ गुण म्हणजे झोपून राहिलेला अर्धा तास, लक्ष देऊन ऐकणारं माणूस, आपल्यासाठी काहीतरी केलं जातंय ही भावना, आणि कदाचित कातडीला मिळालेली टोच.

आमचं मत विचाराल तर 2016 च्या समितीचा प्रश्न हा जास्त सच्चा प्रश्न होता. बिंदू कुठे आहेत, नाड्या कशा वाहतात, चीचा प्रवाह कुठे अडलाय, हे शिकायला लोक वर्षं घालवतात. भलत्या जागी टोचूनही आराम जवळपास तेवढाच पडत असेल, तर त्या विद्येच्या मुख्य दाव्याला हा मोठा धक्का आहे. हे स्पष्ट म्हणायला कचरू नये. पण तोच प्रश्न त्या समितीने सगळ्यांना सारखा विचारला का? इथे मात्र मार्गदर्शिका अडखळते. तिने व्यायामाची शिफारस केली. व्यायामाला लुटुपुटूच्या व्यायामाशी तपासणं अवघड असतं, त्यामुळे त्याचा पुरावा बहुतेक 'व्यायाम विरुद्ध नेहमीचे उपचार' असाच आहे. तो चालवून घेतला. सुईला खोटी सुई मिळू शकते, म्हणून तिची परीक्षा कडक झाली. ज्याची परीक्षा घेता येते तो नापास, ज्याची घेता येत नाही तो पास, असं काहीसं झालं. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्यांच्या संघटनांनी तेव्हा हाच आक्षेप घेतला होता आणि तो आक्षेप रास्त होता. व्यायामाच्या बाजूने एक गोष्ट नक्की म्हणता येते. त्याचे इतर फायदे आहेत, तो फुकट आहे, आणि तो करायला दर आठवड्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही. पण हे कारण असेल तर ते कारण म्हणून लिहावं. पुराव्याच्या दर्जाआड लपवू नये.

उलट्या बाजूने एक दाखला देतो, म्हणजे सुईच्या समर्थकांनाही जरा टोचेल. खांद्याचं एक ऑपरेशन असतं, हाड थोडं खरवडून खालच्या स्नायूबंधांना जागा करून देण्याचं. इंग्लंडमध्ये 313 रुग्णांची चाचणी झाली. काहींचं खरं ऑपरेशन, काहींना नुसतं भोक पाडून दुर्बीण घालून आत बघितलं, काहींचं काहीच केलं नाही. खरं आणि लुटुपुटूचं ऑपरेशन सारखंच निघालं. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही किंचित बरी. ओळखीचं चित्र आहे ना? सुईचंच चित्र. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या शिफारस गटाने ठामपणे सांगितलं की हे ऑपरेशन करू नका. तेव्हा कुणी असं म्हणालं नाही की अहो, काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं वाटतंय ना, मग करत राहू. सर्जनला जो न्याय लावला तो सुईवाल्याला का लावू नये?

फरक आहे, आणि तो धोक्याचा आणि खर्चाचा आहे. ऑपरेशनला भूल लागते, जखम होते. सुईचा धोका कमी आहे. जर्मनीतच 2,29,230 रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांत 8.6 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना रक्ताचा थेंब, काळंनिळं, दुखरेपणा, 2.2 टक्क्यांच्या त्रासावर उपचार करावे लागले, आणि दोघांच्या फुफ्फुसाभोवती हवा शिरली. शून्य धोका नव्हे, पण वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाऊन पोटाची आणि मूत्रपिंडाची जी वाट लागते तिच्याशी तुलना करून बघा. तेव्हा सुईसाठी वेगळी मोजपट्टी लावता येईल, पण ती 'धोका कमी, म्हणून पुरावा थोडा कमी चालेल' अशी उघड लावावी लागेल.

आता आम्हांला जो मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो. गेल्या दहाबारा वर्षांत अ‍ॅक्युपंक्चर मार्गदर्शिकांमध्ये वर सरकलं, त्याला सुईच्या नव्या पुराव्यापेक्षा बाकीच्यांची पडझड जास्त कारणीभूत आहे. कंबरदुखीला आपण पिढ्यान् पिढ्या पॅरासिटामॉल देत आलो. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातली 1652 रुग्णांची चाचणी लॅन्सेटमध्ये आली. ताज्या कंबरदुखीत नियमित पॅरासिटामॉल घेणारे सतरा दिवसांत बरे झाले, लागेल तेव्हा घेणारेही सतरा दिवसांत, आणि पिठाची गोळी घेणारे सोळा दिवसांत. एक फळी गेली. अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांनी जे थैमान घातलं ते तुम्ही वाचलेलंच आहे. दुसरी फळी गेली. मग डॉक्टरांच्या हातात राहिलं काय?

2017 च्या फेब्रुवारीत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली. जुनाट कंबरदुखीला आधी औषधाविना उपचार करा असं ठाम शब्दांत सांगितलं, आणि त्या यादीत व्यायामाच्या बरोबरीने अ‍ॅक्युपंक्चर घातलं. योगही त्याच यादीत आहे, पण पुराव्याचा दर्जा सुईपेक्षा एक पायरी खाली. नाइसने 'देऊ नका' म्हटल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. उपलब्ध चाचण्या बहुतांशी त्याच होत्या. अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन निकाल लागले, कारण अमेरिकेतल्या समितीच्या मागे अफूच्या गोळ्यांची सावली उभी होती. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेच्या मेडिकेअरने जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायला सुरुवात केली. नव्वद दिवसांत बारा बैठका, फरक पडत असेल तर आणखी आठ, वर्षाला वीसच्या वर नाही, आणि फरक पडत नसेल तर बंद.

2021 ची नाइसची मार्गदर्शिका हे या पडझडीचं सर्वांत टोकाचं उदाहरण. जुनाट प्राथमिक दुखणं, म्हणजे ज्याचं कारण सापडत नाही किंवा सापडलेल्या कारणाच्या मानाने दुखणं फारच जास्त आहे, त्या रुग्णांना तिने सांगितलं की पॅरासिटामॉल सुरू करू नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, अफूजन्य नकोत, गॅबापेंटिन जातीची नकोत. मग काय? व्यायाम, काही प्रकारचे मानसोपचार, काही नैराश्यविरोधी औषधं, आणि अ‍ॅक्युपंक्चर. कपाट रिकामं केलं आणि तळाशी जे चार डबे उरले त्यांतला एक सुईचा. यातलं दुःख समजून घ्या. वर्षानुवर्षं दुखणं सोसणारा माणूस डॉक्टरांकडे येतो आणि मार्गदर्शिका सांगते की तुझ्या गोळ्या नवीन असतील तर सुरूच करू नका. त्याच्या हातात काहीतरी ठेवायला हवं, ही समितीची ओढ माणुसकीची आहे. पण ती ओढ पुराव्याच्या भाषेत लिहिली गेली आहे, हे वाचकाने ओळखायला हवं.

त्या शिफारशीतल्या बारीक अक्षरांकडे बघा, गंमत आहे. सुईचा एकच कोर्स. तज्ज्ञाचा एकूण वेळ पाच तासांपर्यंत. उपचार करणारी व्यक्ती सातव्या वेतनश्रेणीची किंवा त्याखालची. चिनी पद्धत चालेल, पाश्चात्त्य पद्धतही चालेल. आता विचार करा, कोणत्या शास्त्रात मात्रा वेतनश्रेणीवरून ठरते? हे आकडे खर्चाच्या हिशेबातून आलेत. एवढ्या पैशांत बसत असेल तरच परवडतं, म्हणून एवढाच. आम्ही याला दोष देत नाही. करदात्यांचा पैसा आहे, हिशेब केलाच पाहिजे, आणि नाइसने तो लपवला नाही. पण 'चिनी किंवा पाश्चात्त्य, कोणतीही चालेल' या शब्दांत एक मोठी कबुली आहे. एक पद्धत नाड्या आणि ची मानते, दुसरी मज्जातंतू आणि स्नायू मानते. दोन्ही चालत असतील तर सिद्धान्ताला इथे फारसं काम नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि ही लेबलंही निसटती असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, विशिष्ट कारण न सापडणारी जुनाट कंबरदुखी ही जुनाट प्राथमिक दुखण्याचीच एक शाखा धरली आहे. म्हणजे आपल्या त्या रुग्णाच्या कागदावर 'कंबरदुखी' लिहिलं तर सुई नाही, 'जुनाट प्राथमिक दुखणं' लिहिलं तर सुई आहे. कंबर तीच, बाई किंवा बुवा तेच.

मधल्या त्या आठ गुणांकडे परत येतो. हार्वर्डमधल्या कॅपचुक यांनी 2008 मध्ये आतड्याच्या एका त्रासाच्या 262 रुग्णांवर एक हुशार चाचणी केली. एकाही रुग्णाला खरी सुई दिली नाही. एक गट नुसता यादीत थांबला. दुसऱ्याला लुटुपुटूची सुई, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. तिसऱ्याला तीच लुटुपुटूची सुई, पण सोबत आपुलकीने चौकशी, विश्वास देणं, नीट ऐकून घेणं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे 28 टक्के, 44 टक्के आणि 62 टक्के. खरी सुई नसताना एवढा फरक. आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची की अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. त्या गुणाचं हे एक प्रकारे मोजमाप झालं.

मग प्रश्न उरतो तो संमतीचा. डॉक्टरने रुग्णाला काय सांगून सुई टोचायची? "तुमच्या नाडीतला अडथळा दूर होईल" असं सांगितलं तर ज्याला पुराव्याचा आधार नाही ते सांगितलं. "कुठेही टोचलं तरी जवळपास तेवढंच चालतं" असं सांगितलं तर काही जणांचा आराम तिथेच कमी होईल. मार्गदर्शिका या वाक्याबद्दल गप्प बसतात. बैठका किती, श्रेणी कोणती, सगळं लिहितात. तोंडातून काय बाहेर पडावं ते लिहीत नाहीत. आमच्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे.

आता थोडं आपल्याकडचं. आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चर आलं त्या वाटेवर एक सोलापूरचं नाव लागतं, पण लोक ते चुकीच्या ठिकाणी लावतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते सर्जन म्हणून. 1942 मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना चालतो म्हणून ते सुईवाले होते असा समज आहे. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू मात्र पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. महाराष्ट्राने 2015 चा अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा केला आणि त्याखाली परिषद आणि नोंदणी आली. केंद्रानेही 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. इथे एक गल्लत नेहमी होते. कायदा सांगतो की हे काम कोणी करावं, शिक्षण काय लागेल, नोंदणी कुठे होईल. मार्गदर्शिका सांगते की कोणत्या आजारात याचा उपयोग होतो. नोंदणी झाली म्हणजे उपयोग सिद्ध झाला असं नव्हे. रिक्षाला परवाना मिळाला म्हणून ती वाशीहून पाच मिनिटांत दादरला पोचत नाही.

आणि पाट्यांवर जे 'जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता' असं लिहिलेलं असतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा 2003 सालचं एक पुस्तक असतं. त्यात 28 आजारांची यादी आहे, जिथे सुई परिणामकारक ठरली असं म्हटलंय. ते पुस्तक म्हणजे उपलब्ध चाचण्यांच्या अहवालांचा आढावा होता, तो मार्गदर्शिका म्हणून लिहिलेला नव्हता. आणि त्या काळच्या चाचण्यांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. 1998 मध्ये एका पाहणीत असं दिसलं होतं की चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या यशस्वी होत्या. शाळेत एखाद्या वर्गाचा निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लागला तर आपण मुलांचं कौतुक करण्याआधी परीक्षकाकडे बघतो.

त्याच संघटनेने 2023 च्या डिसेंबरमध्ये कंबरदुखीची खरीखुरी मार्गदर्शिका काढली. तिच्यात सुईला सशर्त अनुकूल शिफारस आहे, पुराव्याची खात्री कमी असल्याचं नमूद करून. पाटीवाल्यांना ती छापायची तर खुशाल छापावी, शर्तीसकट. पण तिचं पुढचं पान कुणी वाचत नाही. तिथे म्हटलंय की नेहमीच्या उपचारात ट्रॅक्शन देऊ नका, अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका, कंबरपट्टे देऊ नका. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कंबरदुखीवर दुसरं मिळतं काय? सुईवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या ऑर्थोपेडिक मित्रांच्या खालच्या मजल्यावर ट्रॅक्शनची खाट सकाळ-संध्याकाळ चालू असते. सुईला लावलेली कसोटी त्या खाटेलाही लावूया, एवढंच म्हणणं आहे.

श्रोत्यांकडून चिठ्ठी आली आहे. वाचून दाखवतो. "हे सगळं ठीक, पण माझी आई गेली चार वर्षं कंबरदुखीने हैराण आहे, तिला सुई लावू की नको?" चिठ्ठी लिहिणाऱ्यांना आम्ही असं सांगू. आधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या की कंबरदुखीच्या मागे हाडाचा, नसेचा किंवा दुसरा काही गंभीर आजार नाही. तिचं चालणं, व्यायाम सुरू राहील हे बघा, ते सुईच्या बदल्यात थांबता कामा नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नोंदणी असलेल्या माणसाकडे जा, सुया एकदाच वापरायच्या असतात, पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. मधुमेह, थायरॉइड, दमा सगळं बरं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आराम पडला तर तो खरा आहे, बिंदूमुळे पडला की वेळ दिल्यामुळे, यावर आईशी वाद घालत बसू नका. आणि सुरुवातीलाच विचारा की किती बैठकांनंतर फरक नाही पडला तर थांबायचं. मेडिकेअरने ते कलम लिहून ठेवलंय, नाइसनेही मर्यादा घातली आहे. आपल्याकडे तीस बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून विकलं जातं आणि थांबण्याचं कलम त्या पावतीवर नसतं. ते पेनाने लिहून घ्या आणि खाली सही घ्या.